दर सेमिस्टरला तीच तक्रार: "मॅडम, फाईल उघडते पण वाचून दाखवत नाही"

नमस्कार मंडळी. ऑनलाईन कोर्स चालवणारे, नोट्स अपलोड करणारे, आणि कॉलेजात ज्यांच्याकडे एलएमएसचं (नोट्स आणि टेस्ट ठेवायच्या वेबसाईटचं) काम आलंय त्या सगळ्यांसाठी हे लिहितेय. जरा लांब होईल, पण यातलं बरंचसं मला कुणी आधी सांगितलं असतं तर तीन सेमिस्टर वाचले असते आणि माझ्यापेक्षा जास्त त्या विद्यार्थ्यांचे वाचले असते.

तर झालं असं. एका अंध विद्यार्थ्याचा मेसेज आला की युनिट तीनची फाईल रिकामी आहे. मी उघडून बघितली तर चाळीस पानं भरलेली. तो स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचा मजकूर आवाजात वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, वापरतो, आणि स्क्रीन रीडरला ती पानं म्हणजे चाळीस फोटो, अक्षर एकही नाही, त्यामुळे तो म्हणाला ते बरोबरच होतं, त्याच्यासाठी फाईल रिकामीच होती. मी ओसीआर केलं, म्हणजे फोटोतल्या अक्षरांचा मजकूर करून घेतला, चुका दुरुस्त केल्या, हेडिंगं लावली, नवीन पीडीएफ टाकली, विषय संपला असं वाटलं. पुढच्या सेमिस्टरला दुसरी विद्यार्थिनी, तोच कोर्स, तेच युनिट, तीच तक्रार. परत केलं. तिसऱ्यांदा आली तेव्हा म्हटलं आता दुरुस्ती नंतर, आधी ही फाईल येते कुठून ते बघू. तो विषय शिकवणाऱ्या सरांना विचारलं तर कळलं की त्यांच्याकडे मूळ वर्डची फाईल आहे, पण दर वेळी ते जुनी प्रिंटआऊट काढतात, त्यात शेवटी हाताने लिहिलेलं प्रश्नांचं एक पान जोडतात, मोबाईलने सगळं स्कॅन करतात आणि चढवतात. म्हणजे मी एलएमएसवरची कॉपी नीट करत बसले होते आणि मूळ होतं तिथेच होतं. सरांची यात चूक नाही, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

हेच पुन्हा पुन्हा होण्याचं कारण आहे. खाली जे काही लिहिलंय त्यात दर वेळी एकच प्रश्न विचारायचा, मी मूळ दुरुस्त करतेय का कॉपी?

आधी नक्की काय बिघडलंय ते ओळखा

पीडीएफ उघडा, कंट्रोल ए दाबा, कंट्रोल सी करा आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करा. दोन मिनिटांचं काम आहे आणि याने निम्मं निदान होतं.

काहीच पेस्ट झालं नाही तर तो फोटो आहे, स्कॅन. मूळ फाईल असेल तर ओसीआरच्या नादी लागूच नका, वर्डमधून नवीन पीडीएफ काढा. मूळ खरोखरच हरवली असेल तर मग ओसीआर. टेसरॅक्ट नावाचं फुकट, ओपन सोर्स इंजिन आहे, त्याला मराठी येतं. स्कॅन निदान ३०० डीपीआयचा पाहिजे, सरळ पाहिजे, पानाच्या घडीची सावली नको. दोन कॉलमचं पान असेल तर वाचून बघा, कारण कधीकधी डाव्या कॉलमची ओळ आणि उजव्या कॉलमची ओळ एकमेकींत मिसळते आणि वाक्य वाचायला मराठीच वाटतं पण अर्थ शून्य. आणि हाताने लिहिलेल्या नोट्स ओसीआरवर सोडू नका, त्या टाईपच कराव्या लागतात, दुसरा मार्ग नाही.

पेस्ट झालं पण इंग्रजी अक्षरांचा कचरा आला, तर तो जुना फॉन्ट आहे. हा आपल्या मराठी नोट्सचा खास आजार. कृतीदेव, श्रीलिपी, शिवाजी वगैरे फॉन्टमध्ये टाईप केलेलं दिसतं देवनागरी, पण फाईलच्या पोटात साठवलेली असतात रोमन अक्षरं, फक्त त्यांच्यावर मराठीचा मुखवटा चढवलेला असतो. कृतीदेवमध्ये तुम्ही 'भारत' लिहिलंत तर स्क्रीन रीडरला मिळतं 'एच के के जे आर'. असं अख्खं युनिट. ऐकून बघा एकदा, एक पानसुद्धा सहन होत नाही. उपाय एकच, मजकूर युनिकोडमध्ये आणणे, म्हणजे फाईलच्या पोटातही खरी देवनागरी अक्षरंच साठवणे. कन्व्हर्टर मिळतात, पण प्रत्येक फॉन्टचा वेगळा लागतो आणि जोडाक्षरं, रफार, अर्धा र यात गडबड होते, म्हणून कन्व्हर्ट झाल्यावर माणसाने वाचलंच पाहिजे. ज्यांचे दहा-पंधरा वर्षांपूर्वीचे नोट्स आहेत त्यांच्याकडे हे हमखास सापडणार.

तिसरा प्रकार थोडा फसवा आहे. फाईल युनिकोडमध्येच टाईप केलेली असते, तरी पीडीएफमधून पेस्ट केलं की वेलांट्या भलत्याच अक्षरावर जातात, 'कविता'ची पहिली वेलांटी क वर जाते, जोडाक्षरं तुटतात, मध्येच चौकोन येतात. म्हणजे पीडीएफ बनवताना अक्षरांच्या आकारांची आणि युनिकोडची जी जुळणी फाईलमध्ये जायला हवी ती नीट गेली नाही. पीडीएफवर डागडुजी करण्यात वेळ घालवू नका. मूळ फाईल दुसऱ्या चांगल्या युनिकोड फॉन्टमध्ये करून परत एक्स्पोर्ट करा, नाहीतर सरळ वर्डची फाईलच द्या.

आणि पेस्ट अगदी छान झालं तरी तक्रार येत असेल तर प्रश्न टॅगचा आहे.

टॅग म्हणजे काय आणि ते कुठे गळतात

डोळ्यांनी बघणारा माणूस मोठी ठळक ओळ दिसली की समजतो हे हेडिंग. स्क्रीन रीडरला ठळकपणा कळत नाही, त्याला 'हे हेडिंग आहे' असं फाईलने सांगावं लागतं, तेच टॅग. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर वापरणारा वेब पेजवर एच दाबतो आणि एका हेडिंगवरून पुढच्या हेडिंगवर उडी मारतो, टी दाबून टेबलवर जातो, के दाबून लिंकवर, टॅग असलेल्या पीडीएफमध्येही तेच. टॅग नसतील तर त्याला चाळीस पानं पहिल्या ओळीपासून ऐकत बसावं लागतं, सदतिसाव्या पानावरची एक व्याख्या हवी असली तरी. परीक्षेच्या आदल्या रात्री हे काय होत असेल विचार करा.

तपासायचं कसं? अ‍ॅक्रोबॅट रीडरमध्ये कंट्रोल डी दाबा, खाली 'टॅग्ड पीडीएफ' समोर यस का नो ते लिहिलेलं असतं. नो असेल तर नव्याण्णव टक्के वेळा वर्डमधून 'प्रिंट' करून पीडीएफ केलेली असते. प्रिंट टू पीडीएफ म्हणजे कागदावर छापल्यासारखंच, पीडीएफमध्ये फक्त दिसणं उतरतं, रचना उतरत नाही. त्याऐवजी फाईल, सेव्ह अ‍ॅज, पीडीएफ, मग ऑप्शन्समध्ये 'डॉक्युमेंट स्ट्रक्चर टॅग्ज फॉर अ‍ॅक्सेसिबिलिटी' वर टिक आहे ना बघा. तिथेच 'बिटमॅप टेक्स्ट' असा एक पर्याय असतो, तो बंदच ठेवा. लिब्रेऑफिसवाल्यांनी एक्स्पोर्ट करताना टॅग्ड पीडीएफचा पर्याय निवडायचा.

पण हे सगळं तेव्हाच, जेव्हा वर्डमध्ये हेडिंग स्टाईल वापरलीय. फॉन्ट मोठा करून बोल्ड केलं तर ते हेडिंग होत नाही. ओळीवर कर्सर ठेवून कंट्रोल ऑल्ट १ दाबा, झालं हेडिंग एक, कंट्रोल ऑल्ट २ म्हणजे त्याच्या खालचं. आवडत नसेल दिसणं तर स्टाईल एकदाच बदला, सगळीकडे बदलतं. टेबल असेल तर टेबल प्रॉपर्टीजमध्ये पहिल्या रांगेला 'रिपीट अ‍ॅज हेडर रो' करा, आणि सेल मर्ज करायचा मोह टाळा. चित्रं 'इन लाईन विथ टेक्स्ट' ठेवा, तरंगती ठेवली की वाचनाच्या क्रमात कुठेही जाऊन पडतात. मजकुराची भाषा मराठी म्हणून सेट करा, कारण भाषा इंग्रजी लागलेली असली तर स्क्रीन रीडर इंग्रजी आवाज लावतो आणि तो आवाज मराठी धड वाचत नाही, बरेचदा गाळूनच टाकतो. मग विद्यार्थी म्हणतो मध्ये मध्ये काहीच नाहीये, आणि आपण म्हणतो आहे की.

शेवटी रिव्ह्यू टॅबमध्ये 'चेक अ‍ॅक्सेसिबिलिटी' चालवा. ते सगळं पकडत नाही. पर्यायी मजकूर, म्हणजे चित्राचं शब्दांत लिहिलेलं वर्णन, आहे का हे त्याला कळतं, तो बरोबर आहे का हे कळत नाही.

माझं स्पष्ट मत सांगते, लागत नसेल तर पीडीएफ करूच नका. एलएमएसच्या पेजवर सरळ मजकूर टाका, हेडिंगं एडिटरमधून लावा. ज्याला कमी दिसतं तो चारशे टक्के मोठं करतो तेव्हा वेब पेजचा मजकूर स्क्रीनमध्ये मावून खाली वाहतो, पीडीएफमध्ये त्याला प्रत्येक ओळीला डावीकडून उजवीकडे सरकवावं लागतं. डिस्लेक्सिया असलेल्यांना फॉन्ट, ओळींमधलं अंतर, मागचा रंग बदलता येतो. छापील पानासारखं दिसायला पाहिजे हा हट्ट कशासाठी, तो कोर्स आहे, लग्नपत्रिका नाही.

चित्रं, आलेख, समीकरणं

'आलेख' असा पर्यायी मजकूर दिला म्हणजे काहीच दिलं नाही. स्वतःला विचारा की हे चित्र दाखवून मला वर्गात काय सांगायचं होतं, तेच लिहा. मागणी-पुरवठ्याचा आलेख असेल तर 'किंमत वाढते तशी मागणी कमी होते, पुरवठा वाढतो, दोन्ही रेषा छेदतात तिथे समतोल किंमत' एवढं पुरतं. वर्ड कधीकधी आपोआप वर्णन सुचवतं, ते वाचल्याशिवाय ठेवू नका. निव्वळ सजावटीचं चित्र असेल तर त्याला डेकोरेटिव्ह अशी खूण करा, नाहीतर प्रत्येक पानावर कोपऱ्यातली वेलबुट्टी ऐकावी लागते.

समीकरणाचा स्क्रीनशॉट टाकू नका. इक्वेशन एडिटर वापरा, वेबवर समीकरण मजकूर म्हणून लिहायला मॅथएमएल किंवा मॅथजॅक्स, म्हणजे अपूर्णांकाचा अंश कुठे संपला आणि छेद कुठे सुरू झाला हे ऐकून कळतं.

रंगाबद्दल एकच. अक्षर आणि मागचा रंग यांतल्या फरकाचं, म्हणजे कॉन्ट्रास्टचं, डब्ल्यूसीएजी या वेब सुलभतेच्या नियमावलीतलं किमान प्रमाण साध्या मजकुरासाठी ४.५:१ आहे, मोठ्या अक्षरांसाठी ३:१. पांढऱ्यावर जो मध्यम राखाडी लोकांना फार आवडतो, ज्याच्या कोडमध्ये सहा वेळा सात येतो, तो ४.४८ ला अडकतो. दिसायला ठीक वाटतो म्हणून डोळ्यावर विश्वास ठेवू नका, कॉन्ट्रास्ट तपासायचं फुकट साधन वापरा. आणि 'लाल रंगातले मुद्दे महत्त्वाचे' असं लिहू नका, शब्दात 'महत्त्वाचं' लिहा.

स्लाईड्स

इथे लवकर आटोपते. कोऱ्या स्लाईडवर टेक्स्ट बॉक्स काढून लिहू नका, लेआऊटमधल्या जागा वापरा. प्रत्येक स्लाईडला वेगळं टायटल द्या. वाचनाचा क्रम बघायला ऑल्ट एफ १० दाबा, जी यादी येते ती खालून वर वाचली जाते, हे माहीत नसलं की लोक उलटा क्रम लावून बसतात.

व्हिडिओ

ऑटो कॅप्शन चालू आहेत म्हणजे काम झालं असं समजणारे खूप भेटतात. आपण लेक्चर कसं देतो? वाक्य मराठी, संज्ञा इंग्रजी, मध्येच फॉर्म्युला. मशीनला एकच भाषा धरायची असते, मग ज्या शब्दावर मार्क आहेत नेमका तोच शब्द चुकतो. बहिऱ्या विद्यार्थ्याकडे चूक पकडायला दुसरा काही आधार नसतो, तो जे लिहून आलं तेच पाठ करतो, आणि पेपरात तेच लिहितो. म्हणून ऑटो कॅप्शन हा कच्चा मसुदा समजा, डाऊनलोड करा, निदान संज्ञा, नावं, आकडे आणि 'नाही' हा शब्द नीट करा. 'होत नाही' मधला नाही गळला की सगळं उलटं होतं.

व्हिडिओवर छापून टाकलेल्या कॅप्शन नकोत, वेगळी कॅप्शनची फाईल (एसआरटी किंवा व्हीटीटी) हवी, ती मोठी करता येते, बंद करता येते. त्याच फाईलमधून ट्रान्सक्रिप्ट काढून सोबत ठेवा. ज्याला दिसतही नाही आणि ऐकूही येत नाही असा विद्यार्थी ब्रेल डिस्प्लेवर ट्रान्सक्रिप्टच वाचतो, त्याच्यासाठी तेच लेक्चर.

आणि बोलताना 'हे इथून असं इकडे जातं' म्हणू नका हो. 'अलिंदातून रक्त निलयात जातं' म्हणा. बोलायची सवय बदलली की अंध विद्यार्थ्यासाठी वेगळं वर्णन जोडायचं अर्धं काम कमी होतं. रेकॉर्डिंग आधीच झालं असेल तर मात्र ट्रान्सक्रिप्टमध्ये त्या त्या जागी लिहावं लागतं.

इथेही तोच घोळ होतो बघा. सरांनी पुढच्या वर्षी तोच व्हिडिओ नव्याने चढवला, आणि हाताने दुरुस्त केलेल्या कॅप्शन जुन्या व्हिडिओबरोबर राहिल्या. व्हीटीटी फाईल व्हिडिओच्याच फोल्डरमध्ये, त्याच नावाने ठेवा.

ऑनलाईन टेस्ट

सगळ्यात जास्त रडकुंडीला आणणारा भाग, कारण इथे मार्क जातात आणि दुरुस्तीला वेळ नसतो.

जादा वेळेची तक्रार घ्या. गेल्या सेमिस्टरला सेट केला होता, आता गेला कुठे? मूडल या एलएमएसमध्ये जादा वेळ 'युझर ओव्हरराईड' ने, म्हणजे एका विद्यार्थ्यापुरती वेगळी सेटिंग लावून, देतात, आणि नवीन सेमिस्टरला कोर्स इम्पोर्ट केला की युझरशी जोडलेली माहिती सोबत येत नाही. प्रश्न येतात, ओव्हरराईड येत नाहीत. टेस्ट चालू होते आणि तिसाव्या मिनिटाला आपोआप सबमिट. हा बिघाड नाही, ते तसंच बनवलेलं आहे, त्यामुळे दर सेमिस्टरला विद्यार्थी नोंदवले गेले की ओव्हरराईड नव्याने लावणं हे कुणाच्या तरी नावावर, तारखेसकट लिहून ठेवायला लागतं. ग्रुप ओव्हरराईड वापरत असाल तर ग्रुपचं नाव 'दिव्यांग' वगैरे ठेवू नका, ते नाव वर्गातल्या बाकीच्यांना दिसू शकतं. कोणी कुणाला काय सांगायचं हे त्या विद्यार्थ्याने ठरवावं.

ड्रॅग अँड ड्रॉपचे प्रश्न, विशेषतः चित्रावर खुणा नेऊन ठेवायचे, स्क्रीन रीडरवर बहुतेकदा सोडवता येत नाहीत. ज्याचा हात स्थिर राहत नाही त्यालाही ते छळतात. तेच ज्ञान जोड्या लावा किंवा यादीतून निवडा अशा प्रकारे विचारता येतं. माउस बाजूला ठेवा आणि फक्त टॅब, एंटर, बाणांनी स्वतः टेस्ट सोडवून बघा. कुठे अडकलात तिथे तेही अडकणार.

चित्र ओळखायच्या प्रश्नात एक पेच आहे. हृदयाच्या आकृतीत बाण डाव्या निलयावर आहे आणि पर्यायी मजकुरात तुम्ही 'डाव्या निलयावर बाण' लिहिलंत तर उत्तरच दिलंत. नाही लिहिलंत तर प्रश्नच दिला नाही. इथे मजकूर घासत बसू नका, प्रश्न बदला. 'फुप्फुसाकडून आलेलं रक्त शरीरभर ढकलणारा कप्पा कोणता' असं विचारा. हे काम विषयाच्या शिक्षकाचंच आहे, आमच्यासारख्या टेक्निकलवाल्यांनी परस्पर करू नये.

देखरेखीचं सॉफ्टवेअर किंवा परीक्षेत बाकी सगळं बंद ठेवणारा लॉकडाऊन ब्राऊझर वापरणार असाल तर त्या विद्यार्थ्यासोबत आठवडाभर आधी डमी टेस्ट घ्या, कारण अशी काही साधनं स्क्रीन रीडरला अडवतात, आणि हे परीक्षेच्या वेळी कळणं म्हणजे त्याच्यावर अन्याय आहे.

पुस्तकातले स्कॅन

बरेच जण विचारतात की पुस्तकातलं प्रकरण अंध विद्यार्थ्यासाठी टाईप केलं तर कॉपीराईटचं काय. यासाठीच २०१३ मध्ये मराकेश करार झाला, ३० सप्टेंबर २०१६ पासून तो लागू आहे, ज्या देशांनी मान्य केलाय तिथे छापील मजकूर वाचू न शकणाऱ्यांसाठी सुलभ प्रत बनवायला कायद्यात सवलत ठेवावी लागते. आपापल्या देशाच्या कायद्यातल्या अटी बघून घ्या. पण आधी प्रकाशकाकडे डिजिटल फाईल मागून बघा, मिळाली तर ओसीआरचे आठ दिवस वाचतात.

परत परत होऊ नये म्हणून आम्ही काय बदललं

एक, मूळ फाईलींचं एक सामाईक फोल्डर केलं, आणि बदल करायचा तर तिथल्या वर्ड फाईलमध्येच करायचा असं ठरवलं. एलएमएसवर जाणारी पीडीएफ तिथूनच निघते. सुरुवातीला कुरकुर झाली, पण हेडिंगं, भाषा, टेबल सगळं आधीच लावलेली टेम्प्लेट शिक्षकांना दिली तेव्हा कुरकुर थांबली, कारण त्यांचंच काम कमी झालं. लांबलचक सूचनांचं पत्रक कुणी वाचलं नव्हतं, मीही वाचलं नसतं.

दुसरं म्हणजे सरांच्या त्या हाताने लिहिलेल्या प्रश्नांच्या पानाचं काय करायचं हा खरा प्रश्न होता. ते म्हणाले मला टाईप करायला वेळ लागतो. मग ते प्रश्न फोनवर बोलून लिहवून घेतात, मी एकदा नजर फिरवते आणि मूळ फाईलला जोडते. पंधरा मिनिटं लागतात. एवढ्यासाठी तीन सेमिस्टर तीन मुलं अडली होती.

तिसरं, मी स्वतः एनव्हीडीए टाकलं, फुकट आहे. स्पीच व्ह्यूअर चालू केलं की तो काय बोलतोय ते लिहून दिसतं, सुरुवातीला कान बसलेले नसतात तेव्हा उपयोगी पडतं. आणि तरीही माझं तपासणं आणि रोज वापरणाऱ्याचं तपासणं यात फरक राहतोच, म्हणून पहिला मेसेज करणाऱ्या त्या विद्यार्थ्याला विचारलं की नवीन युनिट आधी तू ऐकून बघशील का. तो तयार झाला, पण त्याने विचारलं की या कामाचे तास कुठे धरणार. बरोबर होतं त्याचं. आता त्याला त्याचं मानधन मिळतं आणि त्याची यादी माझ्या यादीपेक्षा लांब असते.

युनिट तीन या सेमिस्टरला मी उघडलंच नाही. सरांनी स्वतः मूळ फाईलमध्ये दोन ओळी बदलल्या, पीडीएफ काढली, कंट्रोल डी करून टॅग्ड यस आहे ते बघितलं आणि मला फक्त स्क्रीनशॉट पाठवला. तुमच्याकडे वरच्यापेक्षा वेगळं लक्षण दिसत असेल तर लिहा, पण नोटपॅडमध्ये पेस्ट करून काय आलं ते आधी सांगा.